४३२ दर वेळी पडतं, दोष हातांचा की आकड्यांचा?

हातघाईवर | शनिवार, रात्री ११:२०

चार दिवस हातांना शिव्या घातल्या. हात बिचारे निर्दोष निघाले.

तीन चेंडूंचं साधं जगलिंग, म्हणजे कॅस्केड, मला दीड वर्षापूर्वी जमायला लागलं. त्यानंतर साईटस्वॅप नावाच्या आकड्यांच्या भाषेशी ओळख झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हात आळीपाळीनं, सारख्या लयीत फेकतात. उजवा, डावा, उजवा, डावा. प्रत्येक फेकीला एक आकडा द्यायचा. आत्ता फेकलेला चेंडू किती ठोक्यांनी पुन्हा फेकला जाणार, तो त्या फेकीचा आकडा. ३ म्हणजे तीन ठोक्यांनी, साहजिकच दुसऱ्या हातातून. ४ म्हणजे चार ठोक्यांनी, त्याच हातातून. विषम आकडा हात बदलतो, सम आकडा घरी परततो. २ म्हणजे चेंडू हातातच धरून ठेवणं, १ म्हणजे पटकन दुसऱ्या हातात सरकवणं, आणि ० म्हणजे हात रिकामा. कॅस्केड म्हणजे ३३३३…, आणि चेंडू गोल गोल फिरताना दिसतात तो शॉवर म्हणजे ५१५१…

४२३ मला जमतं. ५३१ धडपडत जमतं. म्हटलं ४३२ करून बघू. ४२३ चेच तीन आकडे, क्रम तेवढा वेगळा. दर वेळी पसारा! शेवटी मोबाईलवर शूटिंग करून संथ गतीनं पाहिलं. उजव्या हातात एक चेंडू धरलेला (तो २), त्याच हाताचा ४ वरून खाली येतोय, आणि डाव्या हातानं फेकलेला ३ पण तिथंच येतोय. तिन्ही चेंडू एकाच क्षणी एकाच तळहाताच्या मागे! त्याआधीच्या ठोक्याला डावा हात मोकळा, तोंड वासून उभा.

प्रश्न दोन. एक, हे आधीच कागदावर कसं ओळखायचं? दोन, तीन चेंडूंचे असे 'चालणारे' क्रम एकूण किती?

---

बाकी_शून्य | शनिवार, रात्री ११:४१

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. क्रमातल्या फेकींना ०, १, २… असे नंबर द्या. फेकीचा नंबर अधिक फेकीचा आकडा, म्हणजे ती उतरण्याचा ठोका. क्रम पुन्हा पुन्हा येणार असल्यामुळे त्या ठोक्याला लांबीनं भागून बाकी बघायची. सगळ्या बाक्या वेगळ्या आल्या तर क्रम चालतो, दोन सारख्या आल्या तर टक्कर.

४२३: ०+४=४, बाकी १. १+२=३, बाकी ०. २+३=५, बाकी २. तिन्ही वेगळ्या, चालतं.

४३२: ०+४=४. १+३=४. २+२=४. तुमच्या संथ व्हिडिओत जे दिसलं तेच इथं तीन ओळींत.

---

आळसोबा | रविवार, सकाळी ८:०५

मी तर असं ऐकलं होतं की आकड्यांची सरासरी काढायची, पूर्णांक आला की झालं. ४३२ ची सरासरी ३. मग?

---

बाकी_शून्य | रविवार, सकाळी ८:३०

अर्धं ऐकलंत. सरासरी म्हणजे चेंडूंची संख्या, हे खरं. कारणही साधं आहे. ५ आकड्याची फेक एका चेंडूला पाच ठोके अडकवून ठेवते. शंभर ठोक्यांत तीन चेंडू मिळून तीनशे चेंडू-ठोके खर्च होतात, तर एका फेकीच्या वाट्याला सरासरी तीन येणारच. त्यामुळे सरासरी अपूर्णांक आली की क्रम बाद. उलटं मात्र खरं नाही, आणि ४३२ हाच त्याचा पुरावा आहे.

पण आळसोबांच्या बाजूनं एक गोष्ट आहे. सरासरी पूर्णांक असलेले कुठलेही आकडे घ्या, त्यांची काहीतरी फेरमांडणी चालतेच. ४३२ पडतं, ४२३ चालतं. हे प्रमेय मार्शल हॉल यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं, तेही जगलिंगचा विचार मनात नसताना. त्यांचा विषय आबेली गट ही बीजगणितातली रचना हा होता.

---

आळसोबा | रविवार, सकाळी ८:३४

म्हणजे मी चुकलो ते पण प्रमेयाच्या आसपास चुकलो. समाधान आहे.

---

तिरपागडा | रविवार, सकाळी १०:१५

चूक नका समजू, पण दोन साध्या हातांच्या खेळाला इतकं गणित कशाला? मला सात चेंडू येतात (बरं, सातचा फ्लॅश येतो, म्हणजे प्रत्येक चेंडू एकदा फेकून झेलणं, दोन फेऱ्या कधीमधी). मी आयुष्यात बाकी काढलेली नाही.

---

हातघाईवर | रविवार, सकाळी १०:४०

तिरपागडा, सातला दंडवत. पण मी चार दिवस एक अशक्य गोष्ट शिकत होतो. बाकी काढली असती तर चार दिवस वाचले असते, एवढंच.

नावाबद्दल एक गंमत. साईटस्वॅप म्हणजे उतरण्याच्या जागांची अदलाबदल. ३३३ मधल्या पहिल्या दोन फेकींनी जागा बदलल्या, तर पहिलीला एक ठोका जास्त, दुसरीला एक कमी: ४२३. आता त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्यानं अदलाबदल केली की ४४१. ३३३ मधल्या पहिल्या-तिसऱ्यानं केली की ५३१. म्हणजे मी शिकत होतो ते सगळे कॅस्केडचेच नातेवाईक.

---

शून्यातून | रविवार, दुपारी १२:१०

ही पद्धत साधारण एकाच काळात तीन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडली. १९८१ च्या सुमारास सांता क्रूझला पॉल क्लिमेक, १९८५ च्या आसपास कॅलटेकमध्ये ब्रूस टीमन आणि बेंग्ट मॅग्नुसन, आणि त्याच सुमारास केंब्रिजला माइक डे, कॉलिन राइट व ॲडम चॅलक्राफ्ट. जगलिंग मात्र फार जुनं. इजिप्तमधल्या बेनी हसनच्या थडग्यांत, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीच्या भित्तिचित्रांत, चेंडू झेलणाऱ्या बायका आहेत. चार हजार वर्षं लोक झेलत होते आणि लिहून ठेवायची रीत आली कधी, तर कॉम्प्युटर घराघरांत येऊ लागले तेव्हा. याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

---

हातघाईवर | रविवार, रात्री ९:५०

दुसऱ्या प्रश्नावर दिवस घालवला. लांबी तीन, चेंडू तीन, बेरीज नऊ. कागदावर एकेक तपासून हे सापडले:

४२३, ४४१, ४५०, ५२२, ५३१, ६०३, ६१२, ६३०, ७११, ७२०, ८०१, ९००

बारा. शिवाय ३३३. गोल फिरवून एकच होतात ते (४२३, २३४, ३४२) एकदाच धरलेत. काही सुटलंय का?

---

बाकी_शून्य | रविवार, रात्री १०:०२

सुटलेलं नाही. फिरवलेले वेगळे धरले तर १२ × ३ + १ = ३७. आणि ३७ = ६४ − २७, म्हणजे ४ चा घन वजा ३ चा घन.

हा योगायोग नाही. च चेंडू आणि न लांबी असेल तर उत्तर (च+१)^न − च^न. जो बुहलर, डेव्हिड आयझेनबड, रॉन ग्रॅहम आणि कॉलिन राइट यांनी हे १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. ग्रॅहम म्हणजे आंतरराष्ट्रीय जगलर संघटनेचे १९७२ चे अध्यक्ष, आणि पुढे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचेही अध्यक्ष. असा माणूस विरळाच.

---

हातघाईवर | रविवार, रात्री १०:०९

इतकं नीटनेटकं उत्तर? मी बारा शोधायला तीन पानं खरडली. बाक्या तपासण्यातून घन कुठून टपकला?

---

पोस्टकार्ड | सोमवार, सकाळी ७:१५

मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

फेकीचा आकडा विसरा. उंची विसरा. हवेतल्या चेंडूंची एक रांग कल्पा: आधी कोण उतरणार, मग कोण, मग कोण. तिकीटखिडकीसमोर असते तशी. प्रत्येक ठोक्याला खिडकी एकदा उघडते. एक तर कोणीच येत नाही (फेक ०), नाही तर रांगेतला पहिला येतो, आणि त्याला परत रांगेत उभं करायचं असतं. जगलरनं ठरवायचं ते एवढंच, की कितव्या जागी उभं करू. तीन चेंडू असतील तर पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या.

म्हणजे प्रत्येक ठोक्याला चार पर्याय. खेळायचे चार पत्ते समजा: ० म्हणजे कोणी नाही, आणि १, २, ३ म्हणजे त्या त्या जागी उभं करा.

४४१ करून बघू. चेंडू अ, ब, क. पत्ते ३, ३, १.

पत्ता ३: अ तिसऱ्या जागी गेला. रांग ब क अ.
पत्ता ३: ब तिसऱ्या जागी. रांग क अ ब.
पत्ता १: क पहिल्याच जागी परत. रांग क अ ब.
आता पुन्हा पहिल्यापासून. पत्ता ३: क शेवटी. रांग अ ब क.
पत्ता ३: अ ची पाळी आली.

अ पहिल्यांदा फेकला शून्याव्या ठोक्याला, पुन्हा आला चौथ्याला. म्हणजे त्याची फेक ४. क दुसऱ्या ठोक्याला फेकला आणि तिसऱ्यालाच आला, फेक १. ब स्वतः करून बघा, ४ येईल. फेकीचा आकडा आपण ठरवलाच नाही, रांगेतून तो आपोआप निघाला. रांगेत किती वेळ ताटकळावं लागलं, तो आकडा.

आता यातली खरी गंमत. या पद्धतीत टक्कर होऊच शकत नाही, कारण रांगेत पहिला एकच असतो. कुठलेही तीन पत्ते कुठल्याही क्रमानं लावा, चालणारा क्रम मिळतो. आणि प्रत्येक चालणाऱ्या क्रमाचे पत्ते एकाच तऱ्हेनं लिहिता येतात. तपासणी नाही, बाक्या नाहीत. तीन जागा, प्रत्येकी चार पर्याय, ६४.

मग २७ वजा का? तर ३ नंबरचा पत्ता एकदाही आला नाही, तर रांगेच्या शेवटी उभा असलेला चेंडू हलतच नाही. त्याच्या मागं कोणी जात नाही म्हणून तो शेवटचाच राहतो. असे ०, १, २ या पत्त्यांचे २७ क्रम तीनपेक्षा कमी चेंडूंचे. उरले ३७, बरोबर तीन चेंडूंचे.

तुमच्या यादीतले काही असे दिसतात: ४२३ = ३,२,३. ५२२ = ३,२,२. ५३१ = ३,२,१. ९०० = ३,०,० (तीन ठोक्यांतून एकदाच खिडकी उघडते आणि तिघांनंतर पाळी, म्हणून नऊ).

आपली अडचण अशी होते की आपण उंचीनं विचार करतो. उंचीनं विचार केला की प्रत्येक फेक बाकीच्यांशी भांडू शकते. रांगेनं विचार केला की भांडण उरतच नाही.

---

आळसोबा | सोमवार, सकाळी ७:५५

पत्ते १,१,१ लावले तर?

---

पोस्टकार्ड | सोमवार, सकाळी ८:०२

एकच चेंडू या हातातून त्या हातात. बाकीचे दोघे छताला चिकटलेले.

---

कोडकिडा | सोमवार, दुपारी १:३०

वाचून राहवलं नाही. छोटा प्रोग्राम लिहिला, बाक्यांच्या कसोटीनं एकेक क्रम तपासणारा. तीन चेंडू, फिरवलेले एकच धरून, आणि छोट्या क्रमाची नुसती पुनरावृत्ती (४२४२ वगैरे) वगळून: लांबी २ ला ३ क्रम (४२, ५१, ६०), लांबी ३ ला १२, लांबी ४ ला ४२, लांबी ५ ला १५६, लांबी ६ ला ५५४.

मग सूत्रानं पडताळलं. लांबी ४: २५६ − ८१ = १७५. त्यातून २ लांबीचे दुप्पट केलेले ७ काढले (१६ − ९, यात ३३३३ आलाच). १६८, भागिले ४, ४२. जमलं! लांबी ६ ला मात्र मी आधी गडबडलो. ३३६७ मधून ३ लांबीचे ३७ आणि २ लांबीचे ७ वजा केले, आणि भागाकार पूर्ण जाईना. ३३३३३३ दोन्हीकडे मोजलाय हे ध्यानात यायला अर्धा तास गेला. तो एक परत मिळवला: ३३२४, भागिले ६, ५५४.

ज्यांना प्रोग्राम लिहायचा नाही त्यांनी 'जगलिंग लॅब' वापरा. फुकट आहे, आकडे टाकले की चेंडू हलताना दिसतात, आणि चालणारे क्रम शोधूनही देतं.

---

बाकी_शून्य | सोमवार, रात्री ९:२०

पोस्टकार्ड यांची रांग झकासच. पत्त्यांची ही कल्पना रिचर्ड एरनबोर्ग आणि मार्गारेट रेड्डी यांची, १९९६ ची. १९९४ च्या लेखात वाट वेगळी होती, आणि मला ती पण सुंदर वाटते, म्हणून ती लिहायचा मोह होतोय.

चालणाऱ्या क्रमाच्या बाक्या म्हणजे ०, १, २ चं एक पर्म्युटेशन, म्हणजे फेरमांडणी. उलट बाजूनं या: आधी पर्म्युटेशन निवडा, मग फेकी ठरवा. एखादी जागा स्वतःपेक्षा लहान जागी जात असेल तर त्या फेकीत किमान एक पूर्ण फेरी (इथं ३) मिळवावीच लागते, नाही तर आकडा ऋण होईल, आणि भूतकाळात चेंडू फेकणं अजून कोणाला जमलेलं नाही. अशा जागांना 'ड्रॉप' म्हणतात. जगलिंगच्या लेखात 'ड्रॉप' हा शब्द वापरायचा म्हणजे कमालच.

तीन वस्तूंच्या सहा पर्म्युटेशन्सपैकी ड्रॉप नसलेलं १, एक ड्रॉप असलेली ४, दोन असलेलं १. हे १, ४, १ म्हणजे ऑयलरियन आकडे. प्रत्येकात फेऱ्या वाटायच्या किती रीती, ते मोजलं की तीनपेक्षा कमी चेंडूंसाठी १×१० + ४×४ + १×१ = २७. हीच वोर्पिट्स्की या गणितज्ञाची १८८३ ची नित्यसमानता. सव्वाशेहून जास्त वर्षं जुनं सूत्र, आणि त्याचा अर्थ 'दोन किंवा कमी चेंडूंनी तीन ठोक्यांत काय काय करता येतं' असा निघतो.

---

तिरपागडा | सोमवार, रात्री ११:०५

ठीक आहे, पत्त्यांचं मला आवडलं. पण मला एक व्यावहारिक गोष्ट सांगायची आहे. आकडा वाढला की उंची सरळ प्रमाणात वाढत नाही. नवशिके इथंच मार खातात. तीनवरून पाचवर जाताना 'थोडं उंच' फेकतात आणि सगळं कोसळतं.

---

शून्यातून | सोमवार, रात्री ११:३०

त्यावर क्लॉड शॅनन यांचं समीकरण आहे. माहिती सिद्धांताचे जनक तेच हे शॅनन. त्यांनी खेळण्यातल्या जोडणीच्या भागांपासून एक जगलिंग यंत्रही बनवलं होतं. ते तीन पोलादी गोळ्या ढोलावर आपटून उडवायचं. समीकरण असं: (चेंडू हवेत असण्याचा वेळ + हातात असण्याचा वेळ) × हात = (हात रिकामा असण्याचा वेळ + हातात चेंडू असण्याचा वेळ) × चेंडू.

समजा ठोका पाव सेकंदाचा, आणि चेंडू हातात एक ठोका राहतो. मग ३ ची फेक हवेत दोन ठोके, अर्धा सेकंद: उंची सुमारे ३० सेंटिमीटर. ५ ची फेक हवेत चार ठोके, एक सेकंद: सव्वा मीटरच्या जवळपास, म्हणजे चौपट. ७ ची सहा ठोके, दीड सेकंद: पावणेतीन मीटर, नऊपट. वेळ दुप्पट, उंची चौपट. तिरपागडांची छताशी झटापट होते ती यामुळे.

---

तिरपागडा | सोमवार, रात्री ११:३४

छताशी नाही, पंख्याशी. पण बरोबर.

---

मात्रावृत्त | मंगळवार, सायंकाळी ६:४५

मी जगलर नाही, एक चेंडूही धड झेलत नाही. पण वरचं वाचताना काहीतरी ओळखीचं वाटलं म्हणून वही घेऊन बसले. चुकलं तर सांगा.

एकच चेंडू घ्या आणि फेक २ पेक्षा मोठी नको, अशी अट घाला. मग काय शक्य आहे? एक तर १ (दुसऱ्या हातात द्या), नाही तर २ आणि त्यामागून सक्तीचा ० (हातात ठेवा, एक ठोका रिकामा जाऊ द्या). म्हणजे दोनच 'शब्द': १ आणि २०. पहिला एका ठोक्याचा, दुसरा दोन ठोक्यांचा.

हे तर लघु आणि गुरू झालं! चार मात्रांच्या रचना किती, हा छंदःशास्त्रातला जुना प्रश्न. लललल, ललगु, लगुल, गुलल, गुगु. पाच. इकडे ११११, ११२०, १२०१, २०११, २०२०. पाच. शेवटी लघु असेल तर आधीच्या मात्रा एकनं कमी, गुरू असेल तर दोननं कमी, म्हणून मागच्या दोहोंची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३. आपल्याकडच्या छंदःशास्त्रकारांपैकी विरहांकानं हा नियम दिला, हेमचंद्रानं सुमारे ११५० मध्ये दिला, आणि ज्याच्या नावानं हे आकडे ओळखले जातात त्या फिबोनाचीचं पुस्तक आलं १२०२ मध्ये.

माझा प्रश्न: दोन-तीन चेंडूंना पण असे शब्द असतात का?

---

पोस्टकार्ड | मंगळवार, सायंकाळी ७:३०

मात्रावृत्त, वही फेकू नका. मला हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

असतात. त्यासाठी 'स्थिती' हवी. पुढच्या कुठल्या ठोक्याला चेंडू उतरणार तिथं १, नाही तिथं ०. तीन चेंडू, कमाल फेक ४ असेल तर चार घरांत तीन चेंडू, म्हणजे चारच स्थिती: १११०, ११०१, १०११, ०१११. पहिली मूळ स्थिती, कॅस्केडची.

१११० मध्ये ३ फेकला तर जागच्या जागी. ४ फेकला तर ११०१ ला जाता. तिथून २ नं घरी परत, किंवा ४ नं १०११ ला. तिथून १ नं परत, किंवा ४ नं ०१११ ला. तिथं हात रिकामा, ० आणि सक्तीनं परत.

म्हणजे शब्द चार: ३, ४२, ४४१, ४४४०. एक, दोन, तीन आणि चार मात्रांचे. हे चार हवे तसे जोडा, कमाल ४ च्या मर्यादेत मूळ स्थितीपासून मूळ स्थितीपर्यंतचं सगळं जगलिंग त्यात आलं. मोजणी मागच्या चारांच्या बेरजेची: १, २, ४, ८, १५, २९. दोन चेंडू आणि कमाल ३ असेल तर शब्द २, ३१, ३३०, आणि मागच्या तिघांची बेरीज: १, २, ४, ७, १३.

कमाल ५ केली की स्थिती दहा होतात आणि शब्दकोश पटकन हाताबाहेर जातो.

---

मात्रावृत्त | मंगळवार, सायंकाळी ७:४१

तीन चेंडू म्हणजे चार मात्रांपर्यंतची अक्षरं असलेलं वृत्त. आज झोप लागणार नाही.

---

कोडकिडा | बुधवार, दुपारी २:१५

हे सगळं जगलिंगपुरतंच आहे की बाहेर कुठं कामाला येतं? शीर्षक बघून आलेल्या मित्रानं विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

---

बाकी_शून्य | बुधवार, रात्री १०:१०

येतं. पत्त्यांवर चेंडूंच्या वाटा एकमेकींना किती वेळा छेदतात, म्हणजे रांगेत मागं जाणारा किती जणांना ओलांडतो, ते मोजा: पत्ता १ ला शून्य, २ ला एक, ३ ला दोन. ४४१ ला चार छेद, ५३१ ला तीन. या छेदांची मोजणी ठेवली की एरनबोर्ग-रेड्डी यांना एकदम वेगळ्याच क्षेत्रातली, अफाईन वाईल गट नावाच्या सममितीच्या रचनांची मालिका मिळाली.

पण मला जास्त आवडतं ते हे. ॲलन नटसन, थॉमस लॅम आणि डेव्हिड स्पायर यांनी २०१३ मध्ये दाखवलं की ग्रासमानियन नावाच्या भूमितीय वस्तूच्या एका विशिष्ट विभागणीतले तुकडे जगलिंगच्या क्रमांनी ओळखता येतात. अट एवढीच, की फेक लांबीपेक्षा मोठी नको. हे भारदस्त वाटतं, पण सगळ्यात छोटं उदाहरण डोळ्यांनी दिसतं. एक चेंडू, लांबी तीन: सूत्रानं ८ − १ = ७ क्रम. ३००, ०३०, ००३. मग २०१, ०१२, १२०. आणि १११.

आता एक त्रिकोण काढा. तीन शिरोबिंदू, तीन बाजू, एक आतला भाग. सात. एकाच ठोक्याला फेक असेल तर शिरोबिंदू, दोन ठोक्यांना असेल तर बाजू, तिन्ही ठोक्यांना असेल तर आतला भाग. चेंडू वाढले की आकृती कागदावर मावत नाही, पण यादी अशीच बनते.

---

आळसोबा | बुधवार, रात्री १०:२५

त्रिकोण कळला. ग्रासमानियनच्या वेळी मी चहा करायला उठलो होतो असं समजा.

---

हातघाईवर | शुक्रवार, रात्री ११:५०

धागा वर काढतोय, कारण एक जुनं दुखणं बरं झालं.

कॅस्केडमधून शॉवरमध्ये, म्हणजे ३३३ मधून ५१ मध्ये जाताना माझा चेंडू हमखास पडायचा. सहा महिने तरी. ३, ३, ३ आणि थेट ५, असं करायचो. ४४१ वरून ५३१ वर मात्र सहज जाता येतं, हे कोडं सुटत नव्हतं. पोस्टकार्ड यांची स्थिती वापरून ५१ ची स्थिती काढली. ५ फेकण्याच्या आधी चेंडू कुठं कुठं आहेत? एक आत्ता, एक पुढच्या ठोक्याला, एक तीन ठोक्यांनी. ११०१! कॅस्केडची स्थिती १११०. म्हणजे मी चुकीच्या दारातून आत शिरत होतो. ४४१ आणि ५३१ दोन्ही १११० वरून निघतात, म्हणून तिथं अडचण नाही.

१११० वरून ११०१ ला जायला काय लागतं? एक ४.

३ ३ ३ ४ ५१ ५१ ५१. आज पाचव्या प्रयत्नात गेलं, नंतर लागोपाठ नऊ वेळा गेलं.

---

तिरपागडा | शनिवार, सकाळी ७:१०

आयला! मी तो ४ कायम टाकतो. मला माहीतच नव्हतं की मी तो टाकतो. आत्ता आरशासमोर उभा राहून पाहिलं.

आणि बाहेर कसा पडतोस?

---

हातघाईवर | शनिवार, सकाळी ७:३२

२ नं. ११०१ वरून २, की परत १११०.

---

तिरपागडा | शनिवार, सकाळी ७:३५

म्हणजे फेकायचंच नाही.

---

हातघाईवर | शनिवार, सकाळी ७:३६

एक ठोका चेंडू मुठीत धरायचा. इतका वेळ गोल गोल फिरवल्यावर तेच सगळ्यात अवघड जातंय.